गिटारवादनातील बैठक : वाद्याचा भार आणि मोकळा हात

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• गिटार घेऊन बसताना वाद्याचा भार शरीरावर कुठे पडतो, हे सांगता येईल.
• चुकीच्या बैठकीमुळे कंबर, खांदा आणि मनगट का दुखते, याची कारणे स्पष्ट करता येतील.
• खुर्चीवरील आणि जमिनीवरील बैठकींची तुलना करता येईल.
• स्वतःची बैठक तपासून तीत दुरुस्ती करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, एका उदाहरणापासून सुरुवात करू. रायपूरच्या तात्यापारा भागात राहणारी, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी आहे असे समजा. तिने चार महिन्यांपूर्वी दुकानात सहज मिळणारी मोठ्या आकाराची, ४१ इंची अकूस्टिक गिटार घेतली. गणेशोत्सवात भावगीतांच्या कार्यक्रमात साथ करायची असे ठरले आहे. रोज संध्याकाळी ती पलंगावर, कूलरसमोर बसून सराव करते. वीस मिनिटांत डावे मनगट भरून येते, उजवा खांदा कानाकडे चढतो आणि अर्ध्या तासाने कंबर बोलू लागते. एफ मेजर हा कॉर्ड काही केल्या स्वच्छ वाजत नाही. "माझी बोटेच आखूड आहेत, गिटार माझ्यासाठी नाही," या निष्कर्षाप्रत ती आली आहे.

असे म्हणत गिटार कपाटावर ठेवून देणारे विद्यार्थी प्रत्येक गावात सापडतात. त्यांतले काही खरोखर कंटाळलेले असतात. पण कित्येकांच्या बाबतीत दोष बोटांचाही नसतो आणि चिकाटीचाही नसतो. दोष बसण्यात असतो. रियाज म्हणजे सोसणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्यामुळे दुखणे हे प्रगतीचेच लक्षण मानले जाते आणि बसण्याकडे कोणी पाहत नाही. या घटकात आपण तेच पाहणार आहोत. शेवटी याच विद्यार्थिनीकडे परत येऊ.

(या घटकातील 'डावा' व 'उजवा' हे शब्द उजव्या हाताने तारा छेडणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्या वादकांनी ते उलट वाचावेत.)

२. बैठक म्हणजे काय?

मराठीत 'बैठक' या शब्दाला अनेक अर्थ आहेत. बसण्याची जागा म्हणजे बैठक, बसण्याची ढब म्हणजे बैठक आणि गाण्याची मैफलही बैठकच. वस्तू ज्या तळावर स्थिर राहते, त्यालाही आपण तिची बैठक म्हणतो. गिटारच्या संदर्भात हा शेवटचा अर्थ सर्वांत उपयोगी आहे. गिटार कशावर टेकली आहे, हा पहिला प्रश्न. वादक कसा दिसतो, हा नंतरचा.

साधी अकूस्टिक गिटार सुमारे दोन किलो वजनाची असते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा तीन ते चार किलोंची असते. हे वजन फार नाही, पण ते कोणीतरी पेलले पाहिजे. मांडी, छाती आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग यांनी मिळून ते पेलले, तर डावा हात पूर्ण मोकळा राहतो. या तिघांनी पेलले नाही, तर दांडी खाली झुकते आणि ती सावरण्याचे काम नकळत डाव्या हाताकडे जाते. मग त्या हाताला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : दांडी उचलून धरणे आणि तारा दाबणे. अंगठा दांडीला घट्ट आवळतो, मनगट वाकते आणि एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना हात सुटत नाही, कारण हात सोडला तर गिटारच पडेल.

यावरून या घटकाचे मुख्य सूत्र मिळते : डावा हात वाजवण्यासाठी आहे, वाद्य उचलण्यासाठी नाही. चांगली बैठक म्हणजे डाव्या हाताची मदत न घेता गिटार स्थिर राहील अशी व्यवस्था.

करून पाहा – १ : नेहमीप्रमाणे गिटार घेऊन बसा. आता डावा हात दांडीवरून काढून गुडघ्यावर ठेवा. दांडी जागच्या जागी राहिली, तर बैठक ठीक आहे. ती खाली झुकली किंवा पुढे सरकली, तर आजवर तुमचा डावा हात हमाली करत होता असे समजा.

३. बसताना शरीरात काय घडते?

३.१ कंबर आणि पाठ

आपण बसतो तेव्हा शरीराचा भार कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. कठीण लाकडी बाकावर बसून दोन्ही हात नितंबांखाली घातले, तर ही हाडे तळहातांना टोचतात. भार नेमका या हाडांवर असला की कटी सरळ राहते आणि कंबरेचा नैसर्गिक बाक टिकतो. भार मागे, माकडहाडाकडे सरकला की कटी मागे कलते, कंबरेचा बाक नाहीसा होतो, पाठीला पोक येतो आणि मान पुढे येते.

गुडघे खुब्यांच्या वर गेले की कटी मागे कलण्याची ओढ वाढते. मऊ गादीवर नेमके हेच होते. नितंब गादीत रुततात, गुडघे वर येतात आणि पाठ गोल होते. अशा वेळी 'सरळ बस' असे कोणी कितीही सांगितले, तरी पाठीचे स्नायू काही मिनिटांतच थकतात. चूक इच्छाशक्तीची नसून आसनाची असते.

३.२ खांदा

मोठ्या बॉडीच्या गिटारवर उजवा हात वरून घालावा लागतो. बाजारात ज्या आकाराला 'ड्रेडनॉट' म्हणतात, त्या गिटारची बॉडी रुंद भागात सुमारे ४० सेंटिमीटर आणि खोलीला सुमारे १२ सेंटिमीटर असते. हा आकार मार्टिन या अमेरिकन कंपनीने १९१६ मध्ये प्रथम तयार केला आणि त्याला 'ड्रेडनॉट' या ब्रिटिश युद्धनौकेचे नाव मिळाले. मोठा आवाज हा या आकाराचा गुण. क्लासिकल गिटारची बॉडी त्या मानाने लहान, सुमारे ३७ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटरच्या आसपास खोल असते. फरक तीन-दोन सेंटिमीटरांचाच आहे. पण ठेंगण्या किंवा आखूड हाताच्या वादकाला तेवढ्यानेही उजवा खांदा उचलून धरावा लागतो आणि उचललेला खांदा सोबत मानही धरतो.

३.३ मनगट

बोटे मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांमधून एक अरुंद बोगदा तयार झालेला असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक मुख्य नस जाते. मनगट सरळ असते तेव्हा या सर्वांना पुरेशी जागा मिळते. ते फार वाकले की कंडरा कडेला घासतात, नसेवर दाब येतो आणि बोटांची पकडही दुबळी होते.

करून पाहा – २ : मनगट सरळ ठेवून पेन मुठीत घट्ट धरा. आता मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तीच पकड ठेवण्याचा प्रयत्न करा. मूठ आपोआप सैल पडते. वाकलेल्या मनगटाने बार कॉर्ड धरणारा विद्यार्थी याच सैल मुठीने सहा तारा दाबू पाहत असतो. म्हणून त्याला दुप्पट जोर लावावा लागतो आणि तरीही तारा बसक्या वाजतात.

४. खुर्चीवरील बैठक

४.१ आधी खुर्ची निवडा

खुर्चीला हात नसावेत. बसण्याची जागा सपाट व कठीण असावी. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावेत. जेवणाच्या टेबलाजवळची साधी लाकडी खुर्ची किंवा स्टूल पुरेसे आहे. अशा खुर्च्यांची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असते. त्यामुळे ठेंगण्या व्यक्तीचे पाय अधांतरी राहतात. पायांखाली जाड पुस्तके किंवा पाट ठेवला की काम होते.

वसतिगृहात व घरोघरी असलेली प्लॅस्टिकची खुर्ची गिटारसाठी गैरसोयीची असते. तिची बैठक मागच्या बाजूला उतरती असते, त्यामुळे कटी मागे कलते; शिवाय खुर्चीचे हात गिटारला आणि कोपराला अडतात. दुसरे काही नसेलच तर खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा आणि नितंबांच्या मागच्या भागाखाली चादरीची घडी ठेवा. पाठ टेकवण्याचा मोह मात्र टाळा. पलंगावर सराव करावाच लागत असेल, तर गादी गुंडाळून लाकडी फळीच्या कडेला बसणे बरे.

४.२ क्लासिकल बैठक

या बैठकीत गिटारची कंबर डाव्या मांडीवर येते. डावा पाय सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर उंचीच्या छोट्या स्टुलावर असतो. उजवा पाय थोडा बाजूला घेतलेला असतो. वाद्याला चार आधार मिळतात : डावी मांडी, उजव्या मांडीची आतली बाजू, छाती आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग. दांडी तिरपी वर जाते आणि तिचे टोक साधारण खांदा ते डोळे यांच्या उंचीवर येते. त्यामुळे डाव्या हाताला पहिल्या फ्रेटपर्यंत जाण्यासाठी मनगट मोडावे लागत नाही.

ही बैठक एका दिवसात ठरली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गिटार आजच्यापेक्षा लहान असे आणि ती धरण्याच्या अनेक तऱ्हा प्रचलित होत्या. स्पेनमधील दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) या वादकाने तर गिटार शरीरापासून सुटी राहावी म्हणून तिच्यासाठी तीन पायांचा आधारच वापरात आणला. पुढे आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने गिटारची बॉडी मोठी केली आणि तारांची सुमारे ६५ सेंटिमीटर लांबी रूढ केली. मोठे वाद्य मांडीवर नीट बसू लागले. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांच्या शिष्यपरंपरेतून डाव्या पायाखाली स्टूल घेण्याची पद्धत जगभर पसरली. वाद्याचा आकार बदलला तशी बैठकही बदलली, हे येथे लक्षात घ्या. बैठक म्हणजे धर्माज्ञा नव्हे. ते त्या त्या वाद्यासाठी काढलेले उत्तर आहे.

या बैठकीचीही एक उणीव आहे. एक पाय सतत उंच राहिल्याने कटी एका बाजूला वळते आणि तासन्‌तास बसणाऱ्यांची कंबर दुखू शकते. म्हणून आता अनेक वादक मांडी व गिटार यांच्यामध्ये ठेवायचा आधार वापरतात. दोन्ही पाय जमिनीवर राहतात आणि गिटार मात्र उंच होते. विकतचा आधार नसेल, तर घट्ट गुंडाळलेला टॉवेल डाव्या मांडीवर ठेवूनही त्याचा अंदाज घेता येतो.

४.३ उजव्या मांडीवरील बैठक

चित्रपटगीते वा भावगीते वाजवणारे बहुतेक जण गिटारची कंबर उजव्या मांडीवर ठेवतात. ही बैठक सोपी वाटते, पण तिच्यात दोन धोके आहेत. एक, दांडी जवळपास आडवी राहते आणि पुढे-खाली घसरते. दोन, बोटे दिसावीत म्हणून वादक गिटारचा दर्शनी भाग आपल्याकडे कलता करतो. तसे केले की डाव्या मनगटाला दांडीखालून वळसा घालून यावे लागते आणि ते हमखास वाकते.

उपाय साधे आहेत. गिटारचा दर्शनी भाग जमिनीशी काटकोनात, सरळ समोर ठेवा. बोटांकडे पाहण्यासाठी गिटार कलती करण्याऐवजी दांडीच्या वरच्या कडेवरील ठिपके पाहायला शिका. ते त्यासाठीच असतात. उजव्या पायाखाली लहान स्टूल घ्या म्हणजे गिटार पोटाकडे सरकून स्थिर होते. काही वादक उजवा पाय डाव्या मांडीवर आडवा टाकून त्यावर गिटार ठेवतात. फ्लामेंको वादक पाको दे लुसिया (१९४७–२०१४) यांची ही ढब प्रसिद्ध आहे. ती थोड्या वेळासाठी ठीक आहे. पण कटीला पीळ पडतो, म्हणून दीर्घ सरावासाठी नवशिक्यांनी ती अंगवळणी पाडू नये.

४.४ बसतानाही पट्टा

पट्टा उभे राहूनच वापरायचा असतो, हा समज सोडून द्या. बसल्यावर पट्टा लावून त्याची लांबी अशी ठेवा की गिटारचा थोडा भार खांद्यावर यावा आणि दांडी तिरपी वर राहावी. ज्यांच्या गिटारची दांडी जड असते, त्यांना याचा विशेष उपयोग होतो. पुढे रंगमंचावर उभे राहून वाजवायची वेळ आली, तरी वाद्य त्याच उंचीवर राहते आणि हातांना नवी सवय लावावी लागत नाही.

५. जमिनीवरील बैठक

गिटार खुर्चीच्या संस्कृतीतून आली. आपले संगीत मात्र गादीवर बसून वाढले. त्यामुळे आपल्याकडच्या गिटारवादकापुढे एक वेगळा प्रश्न येतो. भावगीतांच्या कार्यक्रमात पेटी, तबला आणि गायक गादीवर, आणि गिटारवाल्याला एकतर मागे खुर्ची, नाहीतर "तूही खाली बस" असा आग्रह. खाली बसायचे तर कसे, हे गिटारच्या परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडते. उत्तरासाठी आपल्याच वाद्यांकडे पाहावे लागते.

रायपूरहून काही तासांच्या अंतरावर खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. संगीत व ललित कलांना वाहिलेले हे विद्यापीठ १९५६ मध्ये स्थापन झाले. पं. विष्णू नारायण भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याच्या सुरुवातीच्या काळात कुलगुरुपद सांभाळले. अशा ठिकाणी सतार शिकणारा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून काय शिकतो ते पाहा. सतारीचा भोपळा डाव्या तळपायाजवळ टेकतो. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग भोपळ्यावर विसावतो आणि त्याच्या दाबाने वाद्य तोलले जाते. दांडी तिरपी वर जाते. डावा हात दांडीवर असतो, पण दांडीला धरत नाही. तसे नसते तर तार ओढून मींड घेणे शक्यच झाले नसते. आपण विभाग २ मध्ये जे सूत्र पाहिले, तेच येथे आहे.

व्हायोलिनचे उदाहरण याहून बोलके आहे. युरोपात हे वाद्य उभ्याने किंवा खुर्चीवर बसून, हनुवटी आणि खांदा यांमध्ये धरून वाजवतात. आपल्या वादकांनी मांडी घातली, व्हायोलिनचे डोके उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवले आणि दुसरे टोक छातीला लावले. दोन्ही टोके स्थिर झाल्याने डावा हात मींड व गमक यांसाठी तारेवर मुक्तपणे सरकू लागला. वाद्य परके, पण बैठक आपली.

गिटारच्या बाबतीतही असे घडले आहे. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) यांच्या नावाशी जोडली गेलेली, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवण्याची रीत विसाव्या शतकात भारतात आली. पं. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी ती गिटार मांडी घालून बसून, आडवी मांडीवर ठेवून रागसंगीतासाठी वापरली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी वाजवलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे. पुढे पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये बदल करून मोहनवीणा घडवली. राय कूडर यांच्यासोबतच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आडव्या ठेवलेल्या गिटारमध्ये वजनाचा प्रश्नच मिटतो, कारण सगळा भार मांड्यांवर जातो.

आता प्रश्न उरतो तो उभ्या धरायच्या, म्हणजे नेहमीच्या स्पॅनिश गिटारचा. ती घेऊन खाली बसायचे असेल तर पुढील क्रम पाळा :

(अ) नितंबांखाली १० ते १५ सेंटिमीटर उंचीची घट्ट उशी, दुमडलेली सतरंजी किंवा पाट घ्या. गुडघे खुब्यांच्या खाली यायला हवेत. मांडी घालून सपाट जमिनीवर बसल्यास गुडघे वर राहतात आणि पोक येतो.
(आ) पट्टा लावा. खुर्चीवर वैकल्पिक असलेला पट्टा येथे आवश्यकच आहे, कारण मांडीचा आधार उतरता असतो.
(इ) गिटारची कंबर उजव्या मांडीवर, खुब्याच्या जवळ ठेवा. दांडी तिरपी वर जाऊ द्या.
(ई) दर गाण्यानंतर पायांची अदलाबदल करा. पाय बधिर होणे म्हणजे नसेवर दाब पडल्याची सूचना आहे.
(उ) तासाभराच्या कार्यक्रमासाठी गादीच्या कडेला ठेवलेले बुटके स्टूल मागून घ्यायला संकोच करू नका. साथीदाराने शेवटपर्यंत नीट वाजवणे हे त्याने इतरांच्या पातळीवर बसण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

६. तक्रारीवरून कारण शोधणे

दुखणे कुठे आहे यावरून बैठकीतील दोष बऱ्याचदा ओळखता येतो.

बोटांची टोके दुखणे : पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक. त्वचा जाड झाली की थांबते. याला बैठकीचा दोष मानू नये.

अंगठ्याच्या मुळाशी दुखणे : अंगठा दांडी आवळतो आहे. दांडीला दुसरा आधार नाही. पट्टा किंवा पायाखालचे स्टूल वापरा.

डावे मनगट भरून येणे : दांडी फार खाली आहे किंवा गिटार आपल्याकडे कलली आहे.

उजवा खांदा व मान : बॉडी मोठी आहे किंवा खुर्चीचा हात अडतो आहे. गिटार थोडी खाली आणून पाहा. शक्य असल्यास लहान बॉडीची गिटार घ्या.

कंबर : आसन मऊ किंवा मागे उतरते आहे, अथवा एकच पाय बराच वेळ उंच आहे.

अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत मुंग्या : मनगटातील नसेवर दाब पडत असावा. करंगळी व अनामिका यांत मुंग्या : कोपर बराच वेळ जास्त वाकलेला राहत असावा.

मुंग्या, बधिरपणा किंवा पकड सैल पडणे ही लक्षणे विश्रांतीनंतरही टिकली, रात्री झोपेतून उठवू लागली, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. ही लक्षणे सोसून जिंकायची नसतात.

७. बोटांची लांबी आणि फ्रेटचे अंतर

आता 'आखूड बोटां'च्या तक्रारीकडे वळू. ६५ सेंटिमीटर तारेच्या गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर असते. पुढे प्रत्येक फ्रेट आधीच्यापेक्षा सुमारे साडेपाच टक्क्यांनी लहान होत जाते. चौथी फ्रेट सुमारे ३१ मिलिमीटर, तर आठवी सुमारे २४ मिलिमीटर असते. म्हणजे नवशिक्याचे बहुतेक कॉर्ड, एफ मेजरसह, नेमके सर्वांत रुंद भागात येतात. शिवाय हा भाग शरीरापासून सर्वांत दूर असतो. दांडी आडवी असेल, तर हात पूर्ण ताणावा लागतो. ती तिरपी वर घेतली, तर तोच भाग खांद्याकडे येतो.

करून पाहा – ३ : एफ मेजर पहिल्या फ्रेटवर न धरता तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तो तिथे स्वच्छ वाजला, तर तुमची बोटे पुरेशी लांब आहेत आणि अडचण अंतराची आहे. रोज एक फ्रेट मागे येत या. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सराव करणे हाही चांगला मार्ग आहे.

८. सरावाची शिस्त

कितीही चांगली बैठक असली, तरी शरीर एकाच स्थितीत तासभर राहण्यासाठी बनलेले नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी गिटार खाली ठेवून उठा, पाणी प्या, हात झटका. सुरुवातीची दोन मिनिटे न वाजवता फक्त बसा आणि पुढील क्रमाने तपासा : तळपाय टेकले आहेत का, भार बैठकीच्या हाडांवर आहे का, खांदे खाली आहेत का, पोटापर्यंत श्वास जातो का, डावा हात काढल्यावर दांडी स्थिर राहते का. समोर आरसा किंवा बाजूला मोबाइलचा कॅमेरा ठेवल्यास न जाणवणारा पोक दिसतो.

रायपूर, नागपूर यांसारख्या गावांत उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. घामाने गिटारची गुळगुळीत पाठ कपड्यांवरून घसरते आणि ती धरण्यासाठी हात आवळला जातो. मांडीवर सुती पंचा टाकला की घसरणे थांबते. कूलरचा झोत थेट हातांवर आणि गिटारवर येईल असे बसू नये. गार झालेले स्नायू आखडतात आणि दमट हवेने लाकूड फुगते.

९. उदाहरणाकडे परत

प्रस्तावनेतील विद्यार्थिनीने काय करावे? पलंग सोडून लाकडी स्टूल घ्यावे. उंची कमी असल्यास पायांखाली पाट ठेवावा. पट्टा लावून दांडी वर घ्यावी आणि गिटारचा दर्शनी भाग सरळ समोर ठेवावा. पहिला आठवडा एफ मेजर पाचव्या फ्रेटवर धरावा. यासाठी तिला नवी गिटार घ्यावी लागत नाही. खर्च होईल तो पट्ट्याचा. पुढेही उजवा खांदा चढतच राहिला, तर मात्र मोठी बॉडी हेच कारण समजून लहान गिटारचा विचार करावा. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधीपासून, गादीवर बसायचे असल्यास उशी घेऊन तशाच बैठकीत सराव करावा, म्हणजे त्या दिवशी शरीराला नवल वाटणार नाही.

यानंतरही एफ मेजर लगेच वाजेलच असे नाही. त्याला काही आठवडे लागतातच. पण आता तिचा वेळ कॉर्ड शिकण्यात जाईल, गिटार सावरण्यात जाणार नाही. आणि कोणताही निष्कर्ष काढायचा असला, तरी तो दुखऱ्या मनगटावरून काढलेला नसेल.

१०. सारांश

• वाद्याचा भार मांडी, छाती, उजवा हात आणि गरजेनुसार पट्टा यांनी पेलावा. डावा हात मोकळा असावा.
• मऊ व मागे उतरत्या आसनाने कटी मागे कलते आणि पोक येतो.
• वाकलेल्या मनगटाने पकड दुबळी होते व नसेवर दाब येतो.
• क्लासिकल बैठक, उजव्या मांडीवरील बैठक आणि जमिनीवरील बैठक यांपैकी कोणतीही चालते. कसोटी एकच, डावा हात काढल्यावर गिटार स्थिर राहिली पाहिजे.
• बोटांची टोके दुखणे स्वाभाविक. मुंग्या व बधिरपणा स्वाभाविक नाही.

११. स्वाध्याय

१. 'डावा हात वाजवण्यासाठी आहे, वाद्य उचलण्यासाठी नाही' हे विधान सतार किंवा व्हायोलिनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. क्लासिकल बैठकीतील चार आधार सांगा. या बैठकीची उणीव कोणती व तिच्यावर उपाय काय?
३. मऊ गादीवर बसल्यास पोक का येतो, ते कटीच्या स्थितीच्या आधारे लिहा.
४. उपक्रम : तुम्ही वाजवत असताना बाजूने एक छायाचित्र काढून घ्या. विभाग ६ च्या आधारे त्यातील दोन दोष नोंदवा, दुरुस्त करा आणि एका आठवड्यानंतर पुन्हा छायाचित्र काढून दोहोंची तुलना करा.